अक्कांची पत्त्यांची वही

बेळगाव, १० जानेवारी. रात्रीचे साडेनऊ.

संक्रांत चार दिवसांवर आली आणि दुपारपासून मी जेवणाच्या टेबलावर पाकिटे मांडून बसले आहे. बासष्ट शुभेच्छापत्रे, तेवढीच पाकिटे, हलव्याचा डबा आणि अक्कांची पत्त्यांची वही. महिला मंडळाचे अध्यक्षपद गेल्या गणपतीनंतर माझ्याकडे आले, तेव्हा अक्कांनी हिशेबाच्या चोपड्यांबरोबर ही वहीही माझ्या हाती दिली होती. हिशेब मी त्याच आठवड्यात तपासले. वही मात्र नीट वाचली ती आज, आणि एवढा उशीर का झाला हे निदान रोजनिशीत तरी लिहून ठेवायला हवे.

अक्का वीस-बावीस वर्षे अध्यक्ष होत्या. दिवाळीला आणि संक्रांतीला प्रत्येक सभासदाच्या घरी त्यांच्या हातचे कार्ड जायचे. पाकीट चिकटवायचे नाही, झाप नुसती आत खोचायची आणि कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ लिहायचे, म्हणजे तेव्हा तिकीट कमी लागायचे, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या दराच्या कार्डावर हाताने मोजकेच शब्द लिहायचे असत. त्या मोजक्या शब्दांत अक्का काय काय बसवत, ते ज्यांना कार्ड मिळाले त्यांनाच ठाऊक. संक्रांतीच्या पाकिटात मात्र हलव्याचे चार दाणे असत, म्हणून ते पुरते तिकीट लावून आणि चिकटवून जाई. टपालातल्या शिक्क्याखाली त्यातल्या दोन दाण्यांचा भुगा व्हायचा, पण तो भुगासुद्धा आम्ही जिभेवर ठेवत असू.

मी अध्यक्ष झाल्यावर दिवाळीत हे सगळे सुटसुटीत करायचे ठरवले. संगणकावर यादी केली, पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, कार्डावर माझी सहीदेखील छापूनच घेतली. दोन तासांत सगळी पाकिटे तयार झाली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. त्यातले एक कार्ड शहापुरातल्या एका घरी गेले. त्या घरातील यजमान श्रावणात वारले होते. पणत्यांची आरास, सोनेरी अक्षरे आणि ‘ही दीपावली आपणांस आनंदाची व भरभराटीची जावो’ हा मजकूर, आणि वर छापील चिठ्ठीत ‘सौ.’ जसेच्या तसे. मी त्यांच्या समाचाराला गेले होते, त्यांच्याजवळ तासभर बसले होते, त्यामुळे मला माहीत नव्हते असे म्हणायचीही सोय नाही. मला माहीत होते. माझ्या यादीला माहीत नव्हते.

त्या बाई काही बोलल्या नाहीत. मार्गशीर्षातल्या दोन्ही बैठकांना आल्या नाहीत, एवढेच. शेवटी एका मैत्रिणीने मला रस्त्यात गाठून विचारले, “तुझं कार्ड गेलं काय गं तिला? अक्का असत्या तर असं झालं नसतं बघ.” त्याच संध्याकाळी मी टिळकवाडीत अक्कांकडे गेले. गुडघ्यांमुळे त्यांचे जिना उतरणे बंद झाले आहे. त्या रागावल्या नाहीत. “वहीत टिंब होतं की गं,” एवढेच म्हणाल्या.

आज ते टिंब पाहिले. शहापूरच्या त्या नावापुढे शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका आहे आणि ‘सौ.’ वर एकच हलकी रेघ. अध्यक्षपद सोडायच्या आठवडाभर आधी त्यांनी केलेली ती खूण. मग पहिल्या पानापासून वाचत गेले. ठिपका म्हणजे त्या घरी यंदा सण नाही. पाच घरांपुढे ‘क’ आहे, म्हणजे घरी कन्नड. त्या पाच कार्डांवर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ यासोबत ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडी’ ही ओळ अक्का कन्नड लिपीत लिहीत; त्यासाठी शेजारणीकडून त्यांनी ती अक्षरे पाटीवर गिरवून घेतली होती. दसऱ्याला आपण ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणतो आणि त्या घरांतून ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरूण’ असे उत्तर येते. दोन्ही वाक्ये ऐकत वाढलेल्या या गावात ती ओळ लिहिण्यात काही विशेष नव्हते असे वाटेल, पण आमच्या मंडळात ती लिहिणाऱ्या त्या एकट्याच होत्या. शिनोळीला राहायला गेलेल्या एका सभासदाचा पत्ता तीनदा खोडला आहे. बसने अर्ध्या-पाऊण तासाचे गाव, पण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आपला पिनकोड पाचने सुरू होतो, त्यांचा चारने. अक्कांनी तो चार लाल शाईने गिरवला आहे.

शुभेच्छापत्राचा इतिहास मी शाळेत मुलांना शिकवत असे. लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांनी १८४३ साली नाताळसाठी पहिले विक्रीचे कार्ड काढले. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीचे टपाल सुरू झाले, पत्रे वाढली, आणि एवढ्या पत्रांना उत्तरे लिहायला कोलसाहेबांना सवड नव्हती. म्हणजे ही रीत जन्मली तीच मुळी एका कामात बुडालेल्या माणसाचा वेळ वाचावा म्हणून. तेव्हा छापील कार्डाला मी नावे ठेवणे बरे नव्हे, आणि मोबाइलवर सकाळी सहाला येणाऱ्या फुलांच्या चित्रांनाही नाही. मात्र जॉन हॉर्सली या चित्रकाराने काढलेल्या त्या पहिल्या कार्डावरही वर आणि खाली एकेक जागा कोरी होती: कोणास आणि कोणाकडून. वेळ वाचवायला निघालेल्या माणसानेही तेवढे दोन शब्द हाताने भरायला ठेवले होते. मी तर तेही छापून घेतले.

बैठक वेळेवर सुरू करणे, वर्गणी गोळा करणे, भांडणे मिटवणे, ही कामे मला जमतात, आणि निवडणुकीत मला मते पडली तीही त्याच जोरावर. मोबाइलवरच्या आमच्या समूहाची मीच प्रमुख आहे. कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, ते माझ्या बोटावर. पण बायका मंडळ म्हटले की अजून अक्कांचेच नाव घेतात याचा मला चार महिने मनातून राग येत होता. आज तो कुठे गेला कळले नाही.

साठ कार्डांवर नावे हाताने लिहून झाली. अक्षर शेवटी शेवटी वाकडे झाले आहे. कन्नड ओळ समोरच्या वहिनींकडून लिहून आणून पाहून पाहून गिरवली. ठिपक्यांच्या घरांची दोन पाकिटे बाजूला ठेवली. त्यातला एक ठिपका अनगोळचा, तो मी आज स्वतः केला.

दुसरा ठिपका शहापूरचा. तिथे उद्या सकाळी स्वतः जायचे आहे. तिळगुळाचा डबा न्यावा की नाही, हे मघाशी अक्कांना फोनवर विचारले.

“पिशवीत असू दे,” त्या म्हणाल्या. “तिनं चहा टाकला तर काढ.”