डबा उलटा करा, मग पाकीट काढा

श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली जे हिरवट पाणी गळतं, प्रोटीन पावडरीतलं व्हे त्याच जातीचं. फक्त बाजारातलं बहुतेक व्हे चीज बनवणाऱ्या कारखान्यातून येतं. डब्यावरच्या दंडांकडे पाहू नका, मागचा तक्ता वाचा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिनं म्हणजे साधारण ७३ टक्के. कॉन्सन्ट्रेटला (कमी गाळलेली व्हे पावडर) हे ठीक, आयसोलेटला (जास्त गाळून शुद्ध केलेली) नाही. तिथे ९० च्या आसपास हवं (चॉकलेट फ्लेवरला थोडी सूट). दुधाने पोट गुबारत असेल तरच आयसोलेटचे जादा पैसे मोजा, त्यात लॅक्टोज नावापुरतं असतं.

खरी गोम घटकांच्या यादीत. ग्लायसिन, टॉरिन (नायट्रोजन असलेली सुटी अमिनो आम्लं) वेगळं घातलेलं दिसलं की डबा खाली ठेवा. प्रयोगशाळेत प्रथिनं नायट्रोजनवरून मोजतात, त्यामुळे ही स्वस्त भर आकडा फुगवते, स्नायू नाही. २४ ग्रॅम प्रथिनांत ल्युसिन (स्नायू बांधायला लागणारं अमिनो आम्ल) अडीच ग्रॅमच्या आसपास हवं.

भाव किलोवर नको, प्रथिनांवर काढा: ३,००० रुपयांच्या किलोत ७३० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला सुमारे ४ रुपये १० पैसे.

शेकरमध्ये आधी २०० मिली गार पाणी, मग पावडर. उलटं केलंत की तळाशी गोळे. उकळत्या दुधात तर गुठळ्याच.