बासष्टचं युद्ध कोणी सुरू केलं?

इतिहासाचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवं असतं: चीन की नेहरू? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण एका शब्दात नाही जमणार.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने पूर्वेकडे तवांगजवळच्या नामका चू नदीच्या काठी आणि पश्चिमेकडे लडाखमध्ये एकाच दिवशी हल्ला चढवला. असली तयारी आयत्या वेळी होत नाही. हल्लेखोर कोण, हा माझ्या लेखी वादाचा मुद्दाच नाही. वाद त्याआधीच्या आठ वर्षांचा आहे.

१९५४ च्या पंचशील करारात तिबेटातल्या व्यापाराबद्दल, यात्रेकरूंबद्दल लिहिलं गेलं. सीमेबद्दल दोघांनीही मौन पाळलं. त्याच जुलैत नेहरूंनी जुने नकाशे मागे घ्यायला सांगितले. त्यांत लडाखकडची हद्द अनिश्चित दाखवलेली होती. नव्या नकाशांत तिथे ठाम रेघ आली. त्या रेघेच्या आतल्या अक्साई चीनमधून चीनने १९५७ पर्यंत रस्ता काढून पुरा केला, तोही आपल्याला न विचारता.

पण मला खरं खिळवून ठेवते ती नामका चूकाठची ढोला ही चौकी. १९१४ साली ठरलेली मॅकमहोन रेषा, म्हणजे पूर्वेकडची भारत-तिबेट हद्द, एका इंचाला आठ मैल अशा नकाशावर जाड निबाने ओढलेली. तत्त्व असं की पाणी जिथून दोन बाजूंना वळतं ती डोंगरधार म्हणजे हद्द. नकाशावरची रेघ मात्र थागला धारेच्या दक्षिणेला उतरली. जून १९६२ मध्ये आपण ढोलाची चौकी उभारली ती रेघेच्या उत्तरेला आणि धारेच्या दक्षिणेला. आपण म्हणालो, तत्त्व धरा. चीन म्हणाला, नकाशा बघा. म्हणजे जी रेषा त्याने कधी मान्यच केली नाही, तिचाच दाखला! (लडाखमध्ये नकाशावर बोट ठेवून आपण अडून बसलो होतो, हेही लक्षात असू द्या.)

१९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीत आले तेव्हा पूर्वेकडचा मुलूख तुम्हाला, पश्चिमेकडचं अक्साई चीन आम्हाला, असा सौदा त्यांनी सुचवून पाहिला. दलाई लामांना आश्रय दिल्याला वर्ष झालं होतं आणि लडाखच्या कोंगका खिंडीत चिनी सैन्याकडून आपले पोलीस मारले गेले होते. आजही २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो तो त्यांच्यासाठी. संसद तापलेली. नेहरूंनी सौदा नाकारला, यासाठी मी त्यांना फारसा दोष देत नाही. दोष देतो तो नोव्हेंबर १९६१ नंतर पुढे पुढे चौक्या टाकल्याबद्दल. मागे ना रस्ता, ना तोफा, आणि भरवसा एवढाच की चीन उलट वार करणार नाही.

बीजिंगने मात्र त्या चौक्यांत तिबेट हिरावण्याचा डाव पाहिला. तो त्यांचा खरा समज होता की सोयीचा, हे त्यांची दप्तरं पुरती उघडल्याशिवाय ठरायचं नाही. त्यांचं सोडा, या पराभवाबद्दल आपल्याच सैन्याने केलेला हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ पासून सरकारी कुलुपात आहे.

एवढं सांगून झालं की समोरचा विचारतो, "म्हणजे नेहरूच ना?"