जॉन फिट्झगेराल्ड, कंसात मॉरिस

लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही. आईला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण जावयाचं आडनाव तिच्या जिभेवर बसतच नव्हतं. गंमत अशी की आमच्या पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाला इंग्रजी अमदानीत फिट्झगेराल्ड घाट म्हणत. सेमूर फिट्झगेराल्ड १८६७ ते १८७२ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं ते नाव. आम्ही कुणी ते कधी वापरलं नाही. पुढे मी आयर्लंडमधल्या लिमरिकला नोकरीला आले आणि घाटातलं नाव घरात आलं.

सासूबाई पंचाहत्तरीच्या व्हायच्या होत्या. (तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच ती. पहिलं वर्षभर जीभ रेटली नाही.) त्यांचा लाडका किस्सा ठरलेला: “आपण मूळचे फ्लॉरेन्सचे. घेरार्दिनी. मोनालिसा आपल्यातलीच.” मोनालिसा म्हणजे लिसा घेरार्दिनी हे खरं. आयर्लंडचे फिट्झगेराल्ड त्याच घराण्यातून निघाले, ही कथा पंधराव्या-सोळाव्या शतकापासून सांगितली जाते हेही खरं. तेव्हा मी जोरात म्हणून बसले, की वाढदिवसाला वंशावळच काढून देते.

माझ्या आजोळी साताऱ्याकडे हेळवी यायचे. बैलावरून उतरायचे, वही उघडून सात पिढ्या वाचायचे आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जायचे. मला वाटलं, इथे हेळव्याच्या जागी वेबसाइट असेल, एवढाच फरक. पाच महिने गेले.

पहिला धक्का जनगणनेचा. आयर्लंडची पूर्ण हाती असलेली सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले. त्याआधीचे बहुतेक, आणि त्यांच्याबरोबर शेकडो वर्षांची मृत्युपत्रं, ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या आवारातला दप्तरखाना उडाला तेव्हा जळाली. कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं तेवढी वाचली, कारण ती गावोगावच्या पाद्र्यांकडेच होती.

१९०१ च्या कागदावर नवऱ्याचे खापरपणजोबा जेम्स सापडले, वय ५५. दहा वर्षांनी, १९११ च्या कागदावर तेच जेम्स ७०. मला वाटलं माणूसच चुकला. बायको तीच, मुलं तीच, घर तेच. मग ध्यानात आलं, १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना म्हातारपणाचं पेन्शन सुरू झालं होतं. त्या दहा वर्षांत अख्ख्या आयर्लंडमधली गरीब माणसं पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झाली. मला जेम्स तिथेच आवडले.

त्याच कागदावर विवाहित बाईसाठी दोन रकाने होते: जन्मलेली मुलं किती, हयात किती. जेम्सच्या बायकोपुढे ११ आणि ७. त्या संध्याकाळी पुढे काही शोधलं नाही.

मुलांपैकी जॉन आमचे थेट. सरकारी नोंदीत त्यांचा जन्म २० मार्च १८७८. चर्चच्या पुस्तकात बाप्तिस्मा ३ मार्च १८७८. म्हणजे बाळाला आधी बाप्तिस्मा दिला आणि ते मग जन्मलं! नवरा म्हणाला, आमच्याकडे चमत्कार होतात. खरं कारण साधं. जन्माची नोंद करायला उशीर झाला की दंड पडायचा, मग लोक तारीखच पुढे सरकवायचे. आपल्याकडे शाळेत घालताना सगळ्यांच्या जन्मतारखा एक जून लागायच्या, तशातलाच प्रकार. मी चर्चची तारीख धरली.

राष्ट्रीय ग्रंथालयाने ही चर्चची पुस्तकं २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन ठेवली, पण वाचणं म्हणजे मोडी वाचण्यासारखं. नावं लॅटिनमध्ये, जेम्सचा याकोबुस झालेला, शाई पसरलेली. त्यात जेम्सचा बाप्तिस्मा मिळाला, १८४३ चा. म्हणजे पेन्शनच्या अर्जापेक्षा ते थोडेच तरुण. वडील जॉन, आई होनोरा. पण त्या एका परगण्यात तेव्हा जॉन फिट्झगेराल्ड दोन, आणि दोघांच्या बायका होनोरा. इथे तीन आठवडे अडकले.

सोडवलं ते शेतसाऱ्याच्या कागदाने. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली सगळ्या आयर्लंडची जमीन आणि घरं मोजून आकारणी झाली. तो आपला सातबाराच समजा: कुळ कोण, मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. एकाच शिवारात एकाच नावाची दोन कुळं असली, की कारकून ओळख पटावी म्हणून नावापुढे कंसात बापाचं नाव घालायचा. आमच्या शिवारात एक होता ‘जॉन फिट्झगेराल्ड (मॉरिस)’ आणि दुसरा ‘जॉन फिट्झगेराल्ड (विल्यम)’. इथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव देतात. जेम्सच्या थोरल्या भावाचं नाव मॉरिस. तेव्हा कंसात मॉरिसवाला जॉन आमचा.

त्या कंसाकडे मी बराच वेळ बघत बसले. कारण ‘फिट्झ’ म्हणजे नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘मुलगा’, लॅटिन फिलिउस वरून. फिट्झगेराल्ड म्हणजे गेराल्डचा पोरगा. सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच, आपल्या मधल्या नावासारखं दर पिढीला बदलायचं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीनपाहणीच्या दप्तरात, विंडसरच्या किल्लेदाराची नोंद आहे, वॉल्टर फिट्झ ऑथर, म्हणजे ऑथरचा वॉल्टर. त्याचा मुलगा गेराल्ड वेल्समधल्या पेम्ब्रोकचा किल्लेदार झाला आणि त्याने वेल्सची राजकन्या नेस्ट हिच्याशी लग्न केलं. त्यांचा मॉरिस तो मॉरिस फिट्झगेराल्ड. आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा गादीवरून हटवलेला राजा डर्मट मॅकमरो याने मदतीला बोलावलं म्हणून तो ११६९ मध्ये दोन जहाजं घेऊन वेक्सफर्डला उतरला. त्याचा मुलगा गेराल्ड फिट्झमॉरिस. नातू पुन्हा मॉरिस फिट्झगेराल्ड. १३१६ मध्ये या घराण्यातला जो पहिला किल्डेरचा अर्ल, म्हणजे मोठा सरदार, झाला, त्याचं नाव जॉन फिट्झथॉमस. पुढे केव्हातरी नाव गोठलं आणि सगळेच कायमचे गेराल्डची मुलं झाले. आणि मग पाच-सहाशे वर्षांनी लिमरिकच्या कारकुनाला दोन जॉनमध्ये फरक करायला पुन्हा बापाचं नाव कंसात घालावं लागलं.

सगळे ‘फिट्झ’ नॉर्मन असंही नाही बरं का. फिट्झपॅट्रिक हे मूळचं आयरिश मॅक-गिला-फॉड्रिग, वर नॉर्मन टोपी चढवलेली. उलट फिट्झगेराल्ड आयरिश बोलू लागले, मॅक गेरल्ट झाले, त्यांचा एक डेस्मंडचा अर्ल तर आयरिशमध्ये कविता करायचा. इंग्रज राजवटीला ते फारसं आवडलं नाही. त्याच डेस्मंड शाखेच्या शेवटच्या बंडखोर अर्लला १५८३ मध्ये ट्रलीजवळच्या जंगलात मारलं, जमिनी जप्त झाल्या, इंग्रजांना वाटल्या. उरलेले फिट्झगेराल्ड ज्या जमिनींचे मालक होते तिथेच कुळं झाले असतील. असतील, एवढंच. १५८३ पासून १८२० च्या दशकातल्या चर्चच्या दशमांशाच्या यादीतल्या ‘मॉरिस फिट्झगेराल्ड’पर्यंत माझ्याकडे एकही कागद नाही. शिवाय मालकाचं आडनाव लावणारी कुळंही कमी नव्हती. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आपण कुळं दिसतो का?” त्यावर काय बोलणार.

तक्ता मी दोन तुकड्यांत काढला. वरचा ऑथरपासून १५८३ पर्यंत. खालचा मॉरिसपासून माझ्या लेकीपर्यंत, तिच्या नावात बापाचं नाव मध्ये घालून, आपल्या पद्धतीने. दोन्हींच्या मध्ये वीतभर जागा मुद्दाम कोरी सोडली. फ्लॉरेन्स कुठेच घातलं नाही, कारण ऑथरच्या मागे जाणारा कागद नाही. वाढदिवसाला सगळ्यांनी वाहवा केली, सासूबाईंनी पेन्शनवाल्या जेम्सची गोष्ट दोनदा सांगायला लावली, तक्ता जेवणघरात लागला.

पंधरा दिवसांनी रविवारी जेवायला गेले. तक्त्यावर, ऑथरच्याही वर, पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘फ्लॉरेन्स’ लिहिलेलं होतं. खाली बाणही होता.