चढाईपटू सोळाशे मीटर धावतो तेव्हा

रायगड जिल्ह्यात गावागणिक कबड्डीचा संघ असतो, आणि मी आमच्या गावाच्या संघात सात वर्षे चढाई केली. त्यामुळे पोलीस भरतीचा अर्ज भरला तेव्हा मैदानी चाचणीची, म्हणजे मुले जिला नुसते ‘ग्राउंड’ म्हणतात तिची, मला फारशी चिंता वाटली नव्हती. पुरुष शिपाई पदासाठी या चाचणीला ५० गुण असतात: १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. त्यांपैकी निम्मे मिळाले तरच पुढचा विचार होतो, आणि लेखी परीक्षेला बोलावतात ते एका जागेमागे दहा उमेदवारांना.

पहिल्या वर्षी मी सोळाशेचा पहिला फेरा ६८ सेकंदांत मारला. सोबतचे सगळे मागे पडले होते आणि मनात उकळ्या फुटत होत्या. तिसऱ्या फेऱ्यात पायांत शिसे ओतल्यासारखे झाले, ज्यांना मागे टाकले होते ते एकेक करून पुढे गेले आणि मी ६ मिनिटे ४१ सेकंदांनी रेषा ओलांडली. पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंद लागतात. किमान गुण कसेबसे जमले, पण लेखी परीक्षेच्या यादीत नाव आले नाही. गावात मला सगळे ‘फिट’ म्हणत, म्हणून ही गोष्ट जास्त लागली.

त्यानंतर मी ज्या सरांकडे सरावाला जाऊ लागलो, त्यांनी पहिल्याच दिवशी कबड्डीचे मैदान आठवायला सांगितले. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब असते, म्हणजे मध्यरेषेपासून समोरच्या अंतिम रेषेपर्यंत साडेसहा मीटर. सात वर्षांत मी एका दमात त्याहून जास्त सरळ धावलोच नव्हतो. चढाई ३० सेकंदांची, त्यातही खरा स्फोट दोन-तीन सेकंदांचा, आणि मग प्रतिस्पर्ध्याची चढाई होईपर्यंत थोडी उसंत. या खेळाने मला चपळता, तोल, प्रतिक्रियेचा वेग आणि पायांतली झटक्याची ताकद भरपूर दिली होती. पण सहा मिनिटे सलग चालणाऱ्या कामाला लागणारी ऊर्जा मुख्यतः श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवर तयार होते, आणि हृदय व फुप्फुसांचा हा टिकाऊपणा, म्हणजेच दमश्वास, माझ्याकडे जवळजवळ नव्हता. तंदुरुस्ती ही एकसंध वस्तू नसून अनेक घटकांची मिळून बनलेली असते, हे शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला ऐकले होते. त्याचा अर्थ मात्र त्या तिसऱ्या फेऱ्यात कळला.

पुढचे अकरा महिने आखीव गेले. आठवड्यातून दोनदा ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर आठ किलोमीटर इतके सावकाश धावायचे की शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. हे मला सर्वांत जड गेले, कारण हळू धावण्यात लाज वाटायची. एक दिवस ४०० मीटरचे सहा फेरे ठरलेल्या वेळेत आणि मध्ये दीड मिनिट चालणे. सुरुवातीला हा फेरा ८८ सेकंदांचा होता. ५ मिनिटे १० सेकंदांसाठी प्रत्येक फेरा साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पडायला हवा, हा हिशेब सरांनी घड्याळाच्या पट्ट्यावर चिकटवायला लावला होता. हळूहळू सकाळी उठल्यावरची नाडी ७४ वरून ५९ वर आली आणि वजन ७७ वरून ७१ किलोवर उतरले.

वजन उतरल्याचा फायदा सोळाशेला झाला, पण गोळ्याला नाही. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो आणि पूर्ण गुणांसाठी तो साडेआठ मीटर जावा लागतो. माझा सहाच्या पुढे सरकेना. दंड पिळदार असताना असे का व्हावे, हे मला समजत नव्हते. सर म्हणाले, “अरे, तू दगड भिरकावल्यासारखा फेकतोस. गोळा ढकलायचा असतो, आणि ढकलायची सुरुवात टाचेपासून होते.” खांद्यावर वजन घेऊन बैठका, मग मांडीपासून कमरेच्या वळणातून खांद्यापर्यंत जोर एका ओघात नेण्याचा सराव, असे चार महिने केल्यावर तो पावणेआठ मीटरपर्यंत गेला. म्हणजे नुसते बळ पुरत नव्हते. ते क्षणात वापरण्याची शक्ती आणि अवयवांचा मेळ हवा होता. लवचिकतेकडे मी दुर्लक्ष केले आणि शंभर मीटरच्या सरावात मांडीचा मागचा स्नायू धरून तीन आठवडे घरी बसलो. ते तीन आठवडे अजून खटकतात.

दुसऱ्या वर्षी सोळाशे ५ मिनिटे १९ सेकंदांत झाले. पहिला फेरा मी मुद्दाम ७९ सेकंदांत काढला, आणि त्या फेऱ्यात ओळीने अकरा जण माझ्या पुढे होते. यादीत नाव आले.

लेखी परीक्षा झाल्यावर गावच्या स्पर्धेत पुन्हा उतरलो. दोन्ही डाव संपले तरी मला धाप लागली नव्हती, याचे सगळ्यांना नवल वाटले. पण बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून वळताना मी कोपऱ्यातल्या रक्षकाच्या हाती तीनदा घोट्यात सापडलो. पूर्वी हंगामभरात इतके होत नसे. वळण अर्ध्या क्षणाने उशिरा पडत होते. अकरा महिने सरळ रेषेत धावलो होतो आणि दिशा बदलण्याचा सराव एकदाही केला नव्हता. आता आठवड्यातले दोन दिवस वाळूवर दोन दगड दहा मीटरवर ठेवून त्यांच्यामध्ये येरझारा घालतो, आणि आठ किलोमीटरचा एकच दिवस ठेवला आहे.