बुडखा

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या काउबॉय-बंदूकबाजांच्या कादंबऱ्यांमधली गोळीबाराची पानं मी भराभर उलटतो. शेवटी कोण उभा राहणार हे पहिल्या प्रकरणातच कळलेलं असतं. नायक घोड्यावरून उतरल्यावर कोणतं काम हातात घेतो, ते मात्र मला बघायचं असतं.

जॅक शेफरची ‘शेन’ (१९४९) घ्या. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा वायोमिंग प्रांत, साल १८८९. बंदुकीशी जुनं नातं असलेला शेन नावाचा एक अनोळखी माणूस ज्यो स्टारेट या शेतकऱ्याकडे थांबतो. फिरता विक्रेता स्टारेटच्या गळ्यात अवाच्या सवा भावाने अवजार मारू बघतो. शेन सांगतो, हेच शायेन शहरात बरंच स्वस्त आहे. विक्रेता भडकतो, स्टारेट मात्र या परक्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. बस्स, एवढंच. शेन मुकाट्याने कुऱ्हाड उचलतो आणि आवारातल्या जुनाट, लोखंडासारख्या टणक बुडख्यावर घाव घालायला लागतो. जरा वेळाने समोरच्या बाजूने स्टारेटही. घोडे जुंपून ओढून काढा की, असं बायको मेरियन सुचवते, पण हा गडी ऐकेल तर शपथ! त्या दोघांच्या नादात तिचा सफरचंदाचा ‘पाय’ (भट्टीत भाजायचा गोड पदार्थ) करपतो, तर तीही इरेला पेटून दुसरा करायला घेते. आभार मानायची ही रीत मला भारी वाटते. गंमत म्हणजे हे लिहीपर्यंत शेफर स्वतः ओहायोच्या पलीकडे पश्चिमेला गेलेच नव्हते.

ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) मधला नायकही असाच राबणारा, मालकाच्या गुरांसाठी जीव टाकणारा, साध्या काउबॉयचा मुकादम झालेला. पण गुरं चोरणाऱ्या जुन्या मित्राला फाशी देण्यात तोच पुढे असतो, आणि तिथे माझं त्याच्याशी बिनसतं. ही कसली इमानदारी? मालकाची मर्जी आणि न्याय, यांत फरक नको?

खऱ्या काउबॉयना तो फरक चांगला कळत होता. १८८३ मध्ये टेक्सासच्या पॅनहँडल भागात त्यांनी महिना ५० डॉलर पगार मागत चक्क संप केला. तो फसला. कादंबरीतले नायक मरमर काम करतात, दिलेला शब्द पाळतात, प्रसंगी जीवही द्यायला निघतात. पण ‘साहेब, पगाराचं काय?’ असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही.