शहाण्यासारखं वागलं की कोणी बघत नाही

सोमवार, रात्री

आज संध्याकाळी थोरली बराच वेळ ठोकळे रचत बसली होती. धाकटा शेजारीच, डबे आणि झाकणं घेऊन. भांडण नाही, रडारड नाही. घरात आम्ही तिघं मोठी माणसं, पण त्या वेळात खोलीत कोणी डोकावलंसुद्धा नाही. शांत आहेत ना, मग राहू देत, आपण गेलो तर उगाच बिनसायचं, हाच प्रत्येकाच्या मनातला विचार. मग धाकट्याने मनोरा पाडला, थोरलीने त्याला ढकललं, आणि पुढच्या क्षणी तिघंही दारात हजर. मी त्याला उचललं, हिने तिला समोर बसवून समजवायला घेतलं आणि आईने मागून "अगं, लहान आहे ना तो" सुरू केलं.

थोरलीच्या बाजूने बघितलं तर इतका वेळ नीट खेळून तिला काहीच मिळालं नव्हतं. एका धक्क्याने अख्खं घर मिळालं. चार वर्षांच्या मुलीला बेरीज-वजाबाकी येत नसली तरी हा हिशेब बरोबर येतो.

मुलांच्या वागण्याविषयी आपण बोलतो ते बहुतेक वेळा 'वाईट वागलं तर काय करायचं' एवढंच असतं. चांगलं वागलं तर काय करायचं, हे कोणी विचारत नाही. कारण चांगल्या वागण्याचा आवाज होत नाही.

मंगळवार

जेराल्ड पॅटरसन नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ओरेगनमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन नोंदी केल्या: कोण काय म्हणालं आणि त्यानंतर लगेच काय झालं. त्यातून त्यांना जे दिसलं ते वाचताना आपल्याच घरात कोणी वही घेऊन बसलं होतं की काय असं वाटतं. आई म्हणते, खेळणी आवर. मूल कुरकुरतं. आई आवाज चढवते. मूल भोकाड पसरतं. आई म्हणते, जाऊ दे बाई, मीच आवरते. रडणं थांबतं. आता यात मूल शिकलं की भोकाड पसरलं की काम टळतं. हे सगळ्यांना कळतं. पण आईही काहीतरी शिकली: माघार घेतली की शांतता मिळते. आणि ज्या दिवशी ती जोरात ओरडते आणि मूल घाबरून खेळणी आवरतं, त्या दिवशी ती शिकते की ओरडलं की काम होतं. म्हणजे दोघंही एकमेकांना घडवत असतात, आणि दोघांनाही वाटत असतं की समोरचाच हट्टी आहे.

यात आणखी एक गुंता आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की ज्या कृतीचं फळ दरवेळी मिळतं ती फळ बंद झाल्यावर लवकर सुटते. ज्या कृतीचं फळ अधूनमधून, बेभरवशाने मिळतं ती मात्र चिवट होते. घरात याचा अर्थ सरळ आहे. मोबाइलसाठी कितीही वेळा ठाम 'नाही' म्हटलं आणि एकदा पाहुण्यांसमोर लाज वाटून दिला, तर मुलाच्या लक्षात ती एकच वेळ राहते. त्यापेक्षा सुरुवातीलाच हसत देऊन टाकलेला परवडला.

आणि ठाम राहायचं ठरवलं की पहिले काही दिवस हट्ट कमी होण्याऐवजी वाढतो. आजवर एवढ्या आवाजात काम होत होतं, आता होत नाही, तर मूल आवाज वाढवून बघणारच. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक घरं हात टेकतात आणि 'आमच्याकडे हे चालत नाही' असा निष्कर्ष काढतात. वाढलेला हट्ट म्हणजे बदल पोचल्याची खूण असते, पण ते ऐकू येण्याइतकं डोकं त्या वेळी कोणाचं शांत असतं?

बुधवार

एक साधी गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती मोठ्या चर्चांमध्ये राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 3 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप हवी, 1 ते 2 वर्षांच्या मुलांना 11 ते 14 तास. दुपारची झोप यात धरलेली आहे. झोप अर्धवट झालेल्या, भुकेल्या मुलाला शिस्त लावायला जाऊ नये. त्याला जेवायला द्यावं, झोपवावं. संस्कार सकाळी करता येतात.

गुरुवार, उशिरा

आई म्हणाली, "तुम्ही हल्ली फार कौतुक करता. डोक्यावर बसतील. आम्ही नुसता पाठीवरून हात फिरवायचो."

मला वाटतं, तिचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. मूल खेळात रमलेलं असताना टाळ्या वाजवत "वा वा, किती शहाणी माझी बाई ती" करत आत शिरलं की खेळ मोडतो आणि मूल आपल्याकडे बघायला लागतं. जाता जाता पाठीवर ठेवलेला हात मात्र खेळ मोडत नाही, आणि 'मी बघितलं' हे पोचवतो.

उरलेल्या अर्ध्यात मी तिच्याशी सहमत नाही. काही वेळा शब्द लागतातच, फक्त ते नेमके हवेत. 'शहाणी' म्हटल्यावर तिला आनंद होतो, पण कशामुळे शहाणी ठरलो ते कळत नाही. "त्याने ठोकळा ओढला तरी तू हात नाही उगारलास, मला हाक मारलीस" असं म्हटलं की पुढच्या वेळी काय करायचं ते त्या वाक्यातच असतं. शिवाय ते तिथल्या तिथे म्हणायला हवं. रात्री झोपताना दिवसभराचा पाढा वाचून उपयोग कमी; या वयात सकाळ फार लांब गेलेली असते.

कौतुकाला शेपूट जोडायची सवय तर घरोघरी आहे. "आज छान आवरलंस. रोज असंच केलं असतंस तर?" या वाक्याचा पहिला भाग मूल ऐकत नाही. दुसरा ऐकतं.

शुक्रवार

हिने मैत्रिणीकडे भिंतीवर चांदण्यांचा तक्ता पाहिला. काम केलं की एक चांदणी, ठरावीक चांदण्या झाल्या की बक्षीस. आपणही लावूया का, असं विचारत होती. जेवण झाल्यावर बराच वेळ वाद घातला.

माझ्या हाताशी दोन प्रयोग होते. पहिला 1973 चा, मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी काढली, त्यांना मिळालं. पुढे एक-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषय नसताना, हीच मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक, आधी न सांगता मिळालं होतं, त्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे बक्षीस मिळाल्याने बिघडलं नव्हतं. सौदा ठरल्याने बिघडलं होतं.

दुसरा मला जास्त आवडतो. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये दीड वर्षाच्या मुलांसमोर हातातून वस्तू पाडल्या, हात भरलेले असताना कपाटाच्या बंद दाराशी अडकल्याचं सोंग केलं. अनोळखी माणूस, कसलंही आमिष नाही, तरी 24 पैकी 22 मुलांनी निदान एका प्रसंगात मदत केली. 2008 मध्ये त्यांनी 20 महिन्यांच्या मुलांपैकी काहींना मदतीबद्दल खेळण्यातली वस्तू द्यायला सुरुवात केली. नंतर ती थांबवल्यावर या मुलांची मदत कमी झाली. ज्यांना नुसते कौतुकाचे शब्द मिळाले किंवा काहीच मिळालं नाही, ती करत राहिली.

धाकटा जमिनीवर पडलेली प्रत्येक गोष्ट आणून हातात देतो, हे आठवून ही हसली. त्याला आत्ता चांदणी दाखवली तर उद्या तो हात पुढे करून उभा राहील, हे तिलाही पटलं.

पण तिचाही मुद्दा खरा होता: दात घासणं कोणाला मनापासून आवडतं? जिथे आवड मुळात नाहीच तिथे मारायला आवड कुठली? म्हणून तडजोड अशी ठरली. तक्ता फक्त दात घासण्यासाठी, थोड्या दिवसांसाठी, आणि मिळालेली चांदणी कोणत्याही कारणाने परत काढून घ्यायची नाही. मदत, चित्रं, धाकट्याला खेळणं देणं, यांना तक्त्यात जागा नाही.

शनिवार

मार देण्याविषयी घरात वाद नाही, म्हणून थोडक्यात. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात 1,60,000 हून अधिक मुलांची माहिती होती. चापटी मारण्याचा संबंध जास्त आक्रमकपणाशी आणि आईवडिलांशी बिघडलेल्या नात्याशी दिसला. चांगल्या वागण्याशी दिसला नाही. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासांतून पूर्ण सुटत नाही, हे मान्य. पण इतकी वर्षं लोक शोधताहेत आणि फायदा हाती लागत नाही, एवढं मला पुरेसं आहे.

त्यापेक्षा आज बागेत एक गंमत दिसली. एका बाकावरून "पळू नकोस, पळू नकोस" असा सतत आवाज, आणि मुलगा प्रत्येक हाकेला पळत. त्याच्या कानावर 'पळू' तेवढं पडत असावं! दुसऱ्या एक बाई उठून मुलीजवळ गेल्या, खाली बसल्या, म्हणाल्या, "माझा हात धर आणि चालत ये." आली. काय करू नको हे सांगितल्यावर त्याऐवजी काय करायचं ते मुलाला स्वतः शोधावं लागतं, आणि या वयात तेवढी उसंत डोक्यात नसते.

घरी निघण्याची वेळ सांगण्याचंही तसंच. 'पाच मिनिटांत निघायचं' याला चार वर्षांच्या मुलीच्या लेखी काही अर्थ नाही. 'अजून दोनदा घसरगुंडी, मग चपला' याला आहे. आणि जे करायचंच आहे ते प्रश्न म्हणून विचारू नये. "निघूया का?" असं विचारल्यावर ती "नाही" म्हणाली तर तो उद्धटपणा नाही, उत्तर आहे.

अर्थात दोन म्हणजे दोन. तिने रडून तिसरी मिळवली की मंगळवारी लिहिलेलं सगळं लागू होतं.

रविवार

सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना सांगितलं की थोडं थांबलात तर चित्रकलेचं जास्त चांगलं साहित्य आणून देतो. निम्म्या मुलांना खरंच आणून दिलं. उरलेल्यांना "अरे, संपलंच की ते" म्हणून हात हलवत परत आले. मग दोन्ही गटांसमोर मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोड खाऊ, ठेवला: न खाता थांबलात तर आणखी एक मिळेल. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवलेल्या गटातली साधारण 3. मुलांचा संयम आपण त्यांच्या स्वभावात शोधतो, तो बराचसा आपल्या शब्दावर उभा असतो.

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग परवा तिला संध्याकाळी पत्ते खेळू म्हणाला होतास, त्याचं काय?" पत्ते काढले. थोरली नियम दर डावाला बदलत होती आणि प्रत्येक नियमाने तीच जिंकत होती.

धाकट्याचं चावणं हा पुढचा विषय. आईचं म्हणणं, दात येताहेत. हिचं म्हणणं, बोलता येत नाही म्हणून. माझा अंदाज आहे की ते रात्रीच्या जेवणाआधी, आम्ही सगळे स्वयंपाकघरात असताना जास्त होतं. उद्यापासून फ्रिजवर कागद लावतोय: केव्हा चावला, त्याआधी काय चाललं होतं, आणि चावल्यावर लगेच कोण धावलं. तिसरा रकाना हिने वाचला आणि माझं नाव आधीच लिहून ठेवलं.