साडेतीन किलोंच्या आतली पूर्ण लांबीची बेस गिटार

गेली १८ वर्षे मी पुण्यातल्या एका मराठी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवते. कार्यक्रम साधारण तीन तासांचा असतो आणि मध्यंतराची पंधरा मिनिटे सोडली तर सगळा वेळ उभे राहून वाजवावे लागते. माझी जुनी गिटार अ‍ॅशच्या लाकडाची आहे आणि तिचे वजन ४ किलो ७०० ग्रॅम भरते. मागच्या गणेशोत्सवात सलग नऊ दिवस कार्यक्रम झाले आणि दहाव्या दिवशी सकाळी डावा हात खांद्याच्या वर जाईना. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “ताई, व्यायाम मी देते, पण खांद्यावरचे ओझे तुम्हालाच कमी करावे लागेल.” त्यानंतर मी २५ हजार रुपयांत बसणारी, हलकी, पण पूर्ण लांबीची गिटार शोधत होते.

‘पूर्ण लांबीची’ हा आग्रह का, हे आधी सांगते, कारण जवळपास प्रत्येकाने मला आखूड गिटार घेण्याचा सल्ला दिला होता. १९५१ मध्ये फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर ठेवली होती आणि आजही बहुतेक बेस गिटारींना तेच माप असते. आखूड गिटारीत ही लांबी ३० इंच असते. तीच तार त्याच स्वरात लावली, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ३४ वरून ३० वर आल्यास तो सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. सर्वांत खालच्या ‘ई’ तारेत, जी सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते, हा सैलपणा बोटांना लगेच जाणवतो. शिवाय पहिल्या फ्रेटपर्यंतचे, म्हणजे तारांखालच्या पहिल्या आडव्या धातूपट्टीपर्यंतचे अंतर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवरून त्रेचाळीसवर येते. नव्याने शिकणाऱ्याला किंवा लहान हातांच्या वादकाला आखूड गिटार खरोखरच सोयीची आहे, आणि तिचा भरीव, गोलसर नाद मला आवडतोही. पण १८ वर्षे एका मापावर बसलेला हात अंधाऱ्या रंगमंचावर न बघता वाजवतो, आणि तो हात मला बदलायचा नव्हता.

पहिल्याच दुकानात लक्षात आले की कंपनीच्या माहितीपत्रकात वजन बहुधा नसते, आणि असले तरी त्याचा उपयोग मर्यादित असतो. लाकूड हे झाडाचे असते. एकाच झाडाच्या दोन फळ्यांची घनता सारखी नसते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी प्रवासी बॅगा तोलण्याचा हातातला डिजिटल काटा बरोबर नेऊ लागले. पट्ट्याला काट्याचा आकडा अडकवून गिटार तोलायची आणि पट्ट्याचे वजन वजा करायचे, एवढेच काम. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या, शेजारी टांगलेल्या दोन गिटारी मी तोलल्या, तर एक ३ किलो ९०० ग्रॅम आणि दुसरी ४ किलो ४०० ग्रॅम भरली. किंमत अर्थातच सारखी होती. ज्यांना दुकानात जाणे शक्य नाही, त्यांनी विक्रेत्याकडे त्याच नगाचे काट्यावरचे छायाचित्र मागावे. मला दोघांनी ते तत्परतेने पाठवले.

लाकडाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. हलक्या अ‍ॅशची, म्हणजे मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या दलदलीत वाढणाऱ्या स्वॅम्प अ‍ॅशची ख्याती मोठी आहे, पण पूर आणि झाड पोखरणारी कीड यांमुळे ते लाकूड इतके दुर्मीळ झाले, की २०२० मध्ये फेंडरनेही त्याचा वापर मर्यादित केला. स्वस्त गिटारीवर नुसते ‘अ‍ॅश’ लिहिलेले असेल, तर ते जड असण्याचीच शक्यता जास्त. बेसवुड, पॉप्लर आणि आल्डर ही मधल्या वजनाची लाकडे आहेत आणि माझ्या अंदाजपत्रकात बहुधा हीच सापडली. सर्वांत हलके पावलोनिया. जपानी कोटो ह्या तंतुवाद्याची लांबलचक बॉडी त्याच लाकडाची करतात. मात्र ते इतके मऊ असते की नखाचाही वण उठतो आणि पट्ट्याच्या खुंटीचा स्क्रू कालांतराने सैल होतो. अशी गिटार घेतली, तर तो स्क्रू काढून भोकात सुताराचा डिंक आणि लाकडाची बारीक काडी भरून पुन्हा घट्ट बसवावा. बॉडी आतून पोकळ केलेल्या गिटारींचा मी विचारच केला नाही. आमच्या मंचावर मागे ढोलकी, ड्रम आणि मॉनिटर यांचा जो आवाज असतो, त्यात त्या शिट्टी मारू लागतात.

पण वजनापेक्षाही मोठा प्रश्न तोलाचा आहे, आणि तो मला उशिरा कळला. बेस गिटारीच्या लांब नेकच्या, म्हणजे डाव्या हाताने तारा दाबायच्या दांडीच्या टोकाला तारा पिळण्याच्या धातूच्या चार जाडजूड किल्ल्या असतात. बॉडी हलकी केली की हे टोक त्या मानाने जड होते आणि हात सोडताच नेक जमिनीकडे झुकते. मग वाजवणारा डावा हात नकळत नेक उचलून धरतो. मनगट, अंगठा आणि खांदा या तिघांवर ताण येतो. एका दुकानात ३ किलो २०० ग्रॅमची अतिशय देखणी गिटार मिळाली होती आणि मी पैसेही काढले होते. सहज म्हणून पट्टा घालून दोन्ही हात सोडले, तर नेक थेट गुडघ्याकडे गेले. ती दहा मिनिटे वाजवल्यावर खांदा जेवढा दुखला, तेवढा माझ्या जुन्या जड गिटारीने तासाभरातही दुखला नसता.

तोल कशावर ठरतो, तर वरच्या शिंगाच्या, म्हणजे बॉडीच्या नेककडे पुढे आलेल्या टोकाच्या लांबीवर. शिंगाच्या टोकाची खुंटी बाराव्या फ्रेटच्या आसपास पोहोचत असेल, तर गिटार बहुधा आडवी राहते. गिब्सन कंपनीच्या थंडरबर्ड गिटारीसारख्या आकारात वरचे शिंग तेवढे पुढे येत नाही, म्हणून तिचे नेक झुकण्याबद्दल वादक नेहमी बोलतात. हलक्या किल्ल्या बसवल्या, तर टोकावरचे शे-दीडशे ग्रॅम कमी होतात आणि फरक चांगला पडतो, पण त्या संचाची किंमत पाहता तो खर्च नंतरसाठी ठेवावा. टोकच नसलेली, म्हणजे हेडलेस गिटार हा प्रश्न मुळापासून सोडवते. नेड स्टाइनबर्गर यांच्या मूळ रचनेला मात्र दोन्ही टोकांना मणी असलेल्या तारा लागतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तार तुटली तर तालुक्याच्या गावी ती मिळणार नाही.

अखेर मी आयबानेझ कंपनीच्या एसआर घराण्यातली एक वापरलेली गिटार २१ हजारांना घेतली. १९८७ पासून चालत आलेल्या या घराण्याची बॉडी पातळ आणि कडांना उतरती असते, त्यामुळे लाकडाची जात कोणतीही असली तरी मुळात लाकूडच कमी लागते. घेण्यापूर्वी नेकला पीळ नाही ना, ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, दोन्ही बाजूंना फिरतो ना आणि प्रत्येक फ्रेटवर चारही तारा स्वच्छ वाजतात ना, हे तपासले. काट्यावर ती ३ किलो ४०० ग्रॅम भरली. हात सोडल्यावर नेक बोटभर खाली आले आणि तिथेच थांबले. उरलेल्या पैशांतून चार इंच रुंदीचा, आतून खरबरीत चामड्याचा पट्टा घेतला. तो खांद्यावर घसरत नाही, त्यामुळे नेकही आता आडवे राहते.

नवरात्रात तिच्यावर पाच कार्यक्रम झाले. चौथ्या दिवशी मध्यंतरात गिटार उतरवून ठेवायचे राहून गेले, हे मला दुसरा भाग सुरू झाल्यावर लक्षात आले.